कंपनी-कॉलेज टायअप करताय? मग या चुका टाळा

कंपन्या म्हणतात माणसं मिळत नाहीत, कॉलेजवाले म्हणतात आमच्या पोरांना कोणी घेत नाही, आणि गंमत म्हणजे दोघं एकाच भागातले, कधीकधी तर एकाच रस्त्यावरचे. मी कॉलेजच्या बाजूने अशा बऱ्याच मीटिंगा केल्यात आणि त्यात माती पण भरपूर खाल्लीय, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक प्रश्न विचारण्यातच होते. आपण विचारतो, तुम्हाला कुठली स्किल्स हवीत? समोर एचआरवाले बसलेले असतात, ते सांगतात कम्युनिकेशन, टीमवर्क, अॅटिट्यूड. आपण वहीत लिहून घेतो, सॉफ्ट स्किलचे चार तास वाढवतो आणि पुढच्या वर्षी तक्रार तीच. एकदा वैतागून मी थेट शॉपफ्लोअरवरच्या सुपरवायझरला गाठलं, म्हटलं मागच्या वेळी ज्याला परत पाठवलंत त्याला नेमकं काय आलं नाही ते सांगा. तो म्हणाला, "मशीन चालवतो हो चांगलं, पण ड्रॉइंगवर प्लस-मायनस पॉइंट झिरो टू लिहिलंय आणि हा वर्निअरने मोजतोय, अहो त्या वर्निअरचा लीस्ट काउंटच तेवढा, तिथे मायक्रोमीटर घ्यायचा हे सुचलंच नाही त्याला." म्हणजे वर्निअरने मोजता येणारं सगळ्यात लहान मापच (लीस्ट काउंट) 0.02 मिलिमीटर, आणि मायक्रोमीटर त्याहून बारीक मोजतो. आता हे कम्युनिकेशनमध्ये कुठे बसवणार? आमच्याकडे मायक्रोमीटर होते, कपाटात, हरवतील म्हणून कुलूप लावून.

तर विशेषणं नको, कामं विचारा. यासाठी डॅकम नावाची पद्धत आहे, 1960 च्या दशकात कॅनडात सुरू झालेली. ते काम रोज करणारे पाच ते बारा चांगले कामगार साधारण दोन दिवस एकत्र बसवायचे आणि त्यांच्याकडून कामांची यादी काढायची. मॅनेजर नाही, कामगार. हे दोन दिवस द्यायला कंपनी कुरकुर करते, पण जी कंपनी दोन दिवस माणसं सोडत नाही ती पुढे काय देणार हेही तिथेच कळतं.

एमओयूचं (कंपनी-कॉलेजमधल्या सामंजस्य कराराचं) तर बोलायलाच नको. सह्या, फोटो, बुके आणि मग फाइल कपाटात, त्या मायक्रोमीटरच्याच शेजारी. कागदावर तीन गोष्टी नसतील तर सही करू नका: कंपनीतला कोण माणूस, महिन्याला किती तास, आणि कुठलं मशीन पोरांना हात लावायला मिळणार.

अजून एक, याच्यावर सहसा कोणी बोलत नाही. दरवेळी गॅप स्किलचाच असतो असं नाही. शिकलेली माणसं त्याच भागात असतात पण पगार परवडत नाही, किंवा नाइट शिफ्ट सुटते तेव्हा घरी जायला बस नसते. अशा ठिकाणी नवा कोर्स काढला तर पोरं शिकतात आणि दुसऱ्या शहरात निघून जातात. म्हणून आधी कंपनीला विचारा, मागच्या वर्षभरात किती जण सोडून गेले आणि का. भरती होऊन तीन महिन्यांत माणसं पळत असतील तर कोर्सने काही होणार नाही.

छोट्या कंपन्यांची भीती वेगळी, आम्ही शिकवायचं आणि शेजारच्याने पळवायचं. भीती खरी आहे, उगाच खोटी आशा दाखवू नका. पण एकेकट्याने न करता चार-सहा जणांनी मिळून केलं तर हा त्रास कमी होतो. अमेरिकेतल्या केंटकीत टोयोटाने 2010 मध्ये सुरू केलेला फेम प्रोग्रॅम असाच वाढला, अनेक कंपन्या मिळून, पोरगा आठवड्यातले दोन दिवस कॉलेजात आणि तीन दिवस पगारी कामावर. याची उलटी चूक म्हणजे एकाच कंपनीच्या मापाने अख्खा कोर्स शिवणं, त्या कंपनीने गाशा गुंडाळला की पोरं अडकली. जर्मनीत ट्रेनिंगचा बराचसा वेळ कंपनीतच जातो, तरी शेवटच्या परीक्षेच्या मंडळात मालक, कामगार आणि शिक्षक तिघांचे प्रतिनिधी असतात आणि सर्टिफिकेट देशभर चालतं, त्यामुळे पोरगा एका मालकाच्या दावणीला बांधला जात नाही.

आणि सर लोकांचं काय? ज्यांनी पंधरा वर्षांत कारखान्याचं गेट ओलांडलं नाही ते शिकवणार काय, त्यांचा दोष नाही, कोणी पाठवलंच नाही. सुट्टीत दोन आठवडे लाइनवर उभं करा, येताना ते दहा नवी प्रॅक्टिकल्स घेऊन येतात.

सगळं करूनही कंपनीने फोन उचलणं बंद केलं (करतातच, ऑर्डरची गडबड असते) तर मेलवर मेल पाठवत बसू नका. तिथे लागलेल्या आपल्याच एखाद्या जुन्या पोराला फोन करा, सध्या रिजेक्शन (तपासणीत नाकारला जाणारा माल) कशात जास्त येतंय विचारा, आणि तेवढ्या एकाच गोष्टीवर दोन आठवड्यांचं छोटं मॉड्यूल घेऊन त्याच सुपरवायझरला शनिवारी शेवटची टेस्ट घ्यायला बोलवा. मीटिंगला न येणारा माणूस पोरांची चूक काढायला मात्र हमखास येतो, आमचा तर अर्धा तास आधीच आला, स्वतःचा मायक्रोमीटर खिशात घालून.