रँडम कॉमिकची गोष्ट अशी जुळवली

तीन चौकटींचं कॉमिक आपोआप जुळवणारा प्रोग्रॅम चालू झाला, पण वाचायला मजा येईना. तेच चित्र लागोपाठ यायचं. मांजर पहिल्या चौकटीत खिडकीतून पडायचं आणि दुसरीत निवांत पेपर वाचत बसायचं!

लागोपाठ येणं हा बिघाड नव्हे. वीस चित्रांतून दर वेळी एक उचललं, तर तेच पुन्हा येण्याची शक्यता 5 टक्के असतेच. म्हणून फिशर-येट्स पद्धतीने (मूळ 1938 ची, कागदावर करायची) सगळा गठ्ठा पिसला. संपेपर्यंत त्यातूनच वाटायचं.

गोष्टीचं दुखणं वेगळं. प्रत्येक चित्राला दोन खुणा जोडल्या: सुरुवातीला पात्र कसं, शेवटी कसं. 'उभं', 'पडलेलं', 'चिडलेलं'. मागची शेवटची खूण पुढच्या पहिलीशी जुळेल असं गठ्ठ्यातलं पहिलं चित्र घ्यायचं. तिसरी चौकट मात्र मुद्दाम मोकाट सोडली. हसू तिथेच फुटतं. तिलाही शिस्त लावून पाहिली, तर जांभई आली.

खाली सीडचा आकडा (ज्यावरून प्रोग्रॅमची रँडम निवड ठरते तो) छापतो, म्हणजे तेच कॉमिक पुन्हा काढता येतं. यादीत नवी चित्रं घातली की जुने आकडे भलतंच दाखवतात, म्हणून आवडलेलं कॉमिक सरळ इमेज म्हणून सेव्ह करतो.