मोबाईलच्या कॅमेऱ्याकडून व्यायाम कसा तपासून घ्यावा

घरी एकट्याने व्यायाम करणाऱ्याची खरी अडचण म्हणजे आपण कसे दिसतो ते आपल्याला दिसत नाही. आरशात बघायला मान वळवली की खांदे वळतात, आणि जे तपासायचं होतं तेच बिघडतं. शेजारी उभं राहून ‘अजून थोडं खाली’ म्हणणारं कुणीतरी हवं असतं. एआयवर चालणारी फिटनेस अॅप्स ते काम बऱ्यापैकी करतात. मात्र कॅमेऱ्याला काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे आधी समजून घ्यायला हवं. ते न कळता अॅपच्या शाबासकीवर विसंबलं, तर चुकीची सवय पक्की होते.

त्यामुळे सुरुवात तिथूनच. कॉम्प्युटर व्हिजनचं, म्हणजे चित्रात काय आहे ते ओळखणारं, मॉडेल व्हिडिओच्या प्रत्येक चित्रात तुमचे सांधे शोधतं आणि तिथे ठिपके ठेवतं. गूगलचं २०२० मधलं ब्लेझपोझ असे ३३ ठिपके देतं, २०२१ मधलं मूव्हनेट १७. खुबा, गुडघा आणि घोटा हे तीन ठिपके जोडले की गुडघ्याचा कोन मिळतो. ताठ उभं असताना तो १८० अंशांच्या जवळ असतो, स्क्वॉटमध्ये (उठाबशीसारख्या व्यायामात) खाली गेल्यावर ९० च्या आसपास किंवा त्याहूनही कमी होतो. कोन ठरलेल्या आकड्याखाली जाऊन परत वर आला की अॅप एक रेप, म्हणजे एक पूर्ण आवर्तन, मोजतं. बहुतेक सूचना अशाच कोनांवरून आणि अंतरांवरून निघतात.

आता या ठिपक्यांमधली रिकामी जागा बघा. खांदा आणि खुबा यांच्यामध्ये एकही ठिपका नाही. म्हणजे पाठीचा कणा या मॉडेल्सना दिसतच नाही. डेडलिफ्टमध्ये (जमिनीवरचं वजन वाकून उचलण्याच्या व्यायामात) पाठ गोल झाली काय किंवा सरळ राहिली काय, खांदा आणि खुबा जागच्या जागी असतील तर दोन्ही सारखंच. मूव्हनेटच्या १७ ठिपक्यांत टाच आणि चवडाही नाहीत, पाय घोट्यापाशी संपतो. टाच उचलली गेली तर ते त्याला थेट कळणार नाही. श्वास, पोटाचा ताण, दुखणं या गोष्टी तर कॅमेऱ्याच्या हद्दीबाहेरच्याच.

१. कॅमेरा नीट लावा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बऱ्याच चुकीच्या सूचना मोबाईल वाकडा ठेवल्यामुळे येतात. फरशीवर ठेवून भिंतीला टेकवलेला मोबाईल खालून वर बघतो, त्यामुळे पाय लांब आणि धड आखूड दिसतं. मग कोनही चुकतात. मोबाईल स्टँडवर कंबरेच्या उंचीला, अगदी उभा ठेवा आणि अडीच ते तीन मीटर मागे जा. हात वर केल्यावर बोटं आणि खाली पावलं, दोन्ही चौकटीत मावली पाहिजेत.

बाजू निवडताना स्वतःला विचारा, आज मला काय तपासायचंय? स्क्वॉट किती खाली जातोय हे बघायचं असेल तर कॅमेरा बरोबर बाजूला हवा. गुडघे आत वळतात का हे बघायचं असेल तर समोर. तिरका ठेवला तर दोन्ही अर्धवट दिसतं, कारण शरीराचा कोणता भाग किती पुढे-मागे आहे, याचा एका कॅमेऱ्याला फक्त अंदाज करता येतो. मी पहिला सेट (सलग केलेल्या रेप्सचा गट) बाजूने आणि दुसरा समोरून करतो.

उजेड समोरून किंवा बाजूने येऊ द्या. खिडकी पाठीमागे असली की शरीराची नुसती सावली दिसते. कपडे अंगाबरोबर बसणारे आणि भिंतीपेक्षा वेगळ्या रंगाचे घाला. ढगळ ट्रॅक पँटमध्ये गुडघ्याचा ठिपका मांडीवर सरकलेला मी स्वतः पाहिलाय. मागून कुणी ये-जा करत असेल किंवा आरसा असेल, तर ठिपके तिकडे पळू शकतात.

२. मुद्दाम चुका करून अॅपची परीक्षा घ्या

ही पायरी सहसा कुणी सांगत नाही, पण माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची. भरवसा ठेवण्याआधी वजन न घेता दहा रेप्स नीट करा. मग पाच अर्धवट करा, पाचमध्ये गुडघे किंचित आत न्या, पाचमध्ये टाचा थोड्या उचला. कशावर सूचना आली ते वहीत लिहा. मी वापरलेल्या एका अॅपने अर्धे स्क्वॉट पूर्ण मोजले, आणि पाठ मुद्दाम गोल करून वाकलो तेव्हा ‘छान!’ म्हटलं. त्या दिवसापासून मी त्याच्यावर गुडघ्यांपुरतंच काम सोपवलंय. पाठीसाठी बाजूने घेतलेला व्हिडिओ स्वतः बघतो.

३. एका वेळी एकच सूचना घ्या

स्क्रीनकडे बघत व्यायाम करू नका, मान तिकडेच राहते. आवाज चालू ठेवा. सूचना क्षणभर उशिरा येते, म्हणून ती पुढच्या रेपसाठी आहे असं धरा आणि हालचाल संथ ठेवा. स्क्वॉट, लंज (एक पाय पुढे टाकून खाली जाणं), जोर, प्लँक (कोपरांवर शरीर सरळ धरून ठेवणं) यांत कॅमेरा चांगली साथ देतो. उड्यांच्या व्यायामात, त्यातही कमी उजेडात, हातपाय पुसट होतात आणि मोजणी चुकते. अशा वेळी आकडा स्वतःच मोजावा.

४. वेळापत्रक एआयकडून घ्या, पण माहिती पूर्ण द्या

चॅटबॉटला नुसतं ‘वजन कमी करायचंय’ म्हटलं की उत्तरही ढोबळच मिळतं. वय, आधीची सवय, जुनी दुखापत, हाताशी असलेलं साहित्य आणि आठवड्यातले मोकळे दिवस सांगा. प्रत्येक व्यायाम का घेतला ते विचारा. गुडघा कुरकुरला तर त्याऐवजी काय करायचं, हेही विचारून ठेवा. मिळालेला आराखडा ताडून बघायला जागतिक आरोग्य संघटनेचं २०२० मधलं मार्गदर्शन हाताशी ठेवा: प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंचा. पहिल्याच आठवड्यात याच्या दुप्पट मागणारा आराखडा सरळ परत पाठवा. दर आठवड्याला किती सेट झाले, झोप कशी होती, कुठे दुखलं ते कळवा. न सांगता त्याला यातलं काहीच समजत नाही.

हृदयविकार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. छातीत दुखलं, चक्कर आली, तर अॅप काहीही म्हणो, तिथेच थांबा.

५. व्हिडिओ कुठे जातो ते बघा

एअरप्लेन मोड लावून, वाय-फायही बंद करून अॅप चालवा. तरीही ठिपके दिसले आणि सूचना आल्या, तर विश्लेषण मोबाईलवरच होतंय. बंद पडलं तर तुमचा व्हिडिओ बाहेर पाठवला जात असू शकतो. चाललं तरी नंतर तो अपलोड होतो का, हे सेटिंग्जमध्ये बघाच आणि नको असेल तर बंद करा.

६. महिन्यातून एकदा तुलना

फरशीवर दोन चिकटपट्ट्या लावून ठेवा, एक स्टँडसाठी आणि एक पावलांसाठी. महिन्यातून एकदा त्याच जागेवरून, त्याच वजनाने पाच रेप्सचा व्हिडिओ घ्या आणि मागच्या महिन्याच्या शेजारी ठेवून बघा. कॅमेऱ्याची जागा तीच असल्यामुळे दिसणारा फरक तुमच्या हालचालीचा असतो. जमलं तर हाच व्हिडिओ एखाद्या अनुभवी प्रशिक्षकाला किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा आणि खांद्यापासून खुब्यापर्यंतची पाठ तेवढी बघायला सांगा.