'फिक्स्ड'च्या रकान्यात मी शंभर लिहिलं

"सध्याचा पगार थोडा वाढवून सांग, सगळेच सांगतात." मला हा सल्ला एका सीनियरने दिला. त्यानं स्वतः दहा वर्षांत एकदाच नोकरी बदलली होती, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

आकडे सोपे धरू. माझं पॅकेज शंभर होतं, ऐंशी फिक्स्ड (ठरलेला पगार) आणि वीस व्हेरिएबल (कमी-जास्त होणारा भाग). त्या विसातले वर्षअखेरीस हातात पडले अकरा. नव्या कंपनीच्या एचआरचा फोन आला तेव्हा मी "शंभर" म्हणाले. इथवर फारसं बिघडलं नव्हतं, जुन्या नोकरीच्या ऑफर लेटरवर शंभरच होते. मग फॉर्म आला. त्यात फिक्स्ड आणि व्हेरिएबल असे दोन वेगळे रकाने. मी पहिल्यात शंभर टाकले आणि दुसरा रिकामा सोडला.

ऑफर आली तोंडी. शंभरावर पंचवीस टक्के वाढ, म्हणजे एकशे पंचवीस. लेखी पत्र यायचं होतं, पण मी त्याच संध्याकाळी राजीनामा पाठवून मोकळी झाले. चार दिवसांनी सॅलरी स्लिपा मागवल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी एचआरच्या बाईंचा फोन. आवाज अगदी शांत. "फॉर्मवर फिक्स्ड शंभर आहे, स्लिपांवरून ऐंशी निघतात. वीस कुठे गेले?"

मी म्हणाले, टायपिंगची चूक. पलीकडे काही क्षण कुणी बोललंच नाही. टायपिंगच्या चुकीनं शेजारचा रकाना रिकामा राहत नाही, हे त्यांनाही कळत होतं.

नवी ऑफर आली ती तेच पंचवीस टक्के ऐंशीवर लावून: शंभर. वर व्हेरिएबल काही नाही. जो आकडा खोटा लिहिला होता तोच खरा होऊन हातात आला, आणि राजीनामा गेलेला असल्यामुळे मी तो मुकाट्यानं घेतला. आधी प्रत्यक्ष मिळणाऱ्या एक्क्याण्णववर फक्त नऊ. ऐंशी अधिक वीस असं सरळ लिहून "मला एकशे वीस हवेत" म्हटलं असतं तर निदान वाद घालायला तोंड राहिलं असतं.

म्हणून हे सांगते. फिक्स्ड म्हणजे दर महिन्याला स्लिपवर दिसतं ते. व्हेरिएबल वेगळं सांगा, आणि गेल्या वर्षी प्रत्यक्ष किती मिळालं तेही सांगा. स्टॉक, म्हणजे कंपनीचे शेअर, तर त्यात मिळवूच नका. चार वर्षांचं व्हेस्टिंग (शेअर टप्प्याटप्प्यानं आपले होणं) आणि एक वर्षाचा क्लिफ (पहिलं वर्ष पुरं होईपर्यंत काहीच न मिळणं) असेल तर अकराव्या महिन्यात सोडणाऱ्याच्या हाती शून्य येतं. जॉइनिंग बोनसही वर्षाच्या आत सोडल्यास बऱ्याचदा परत द्यावा लागतो. ती अट पत्रात शोधा.

घाबरून जाऊ नका. जुना पगार न सांगणं आणि खोटा सांगणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. मुळात हा प्रश्नच मला पटत नाही. आधीच्या ठिकाणी कमी मिळत होतं म्हणून पुढेही कमी, हा कुठला न्याय? न्यूयॉर्क शहरात ऑक्टोबर 2017 अखेरपासून आणि कॅलिफोर्नियात जानेवारी 2018 पासून उमेदवाराला जुना पगार विचारायला बंदी आहे. युरोपीय संघाच्या 2023 च्या निर्देशातही तेच आहे, शिवाय पदाचा पगार किंवा त्याची रेंज उमेदवाराला आधी कळवण्याचं बंधन आहे. अशी बंदी नसेल तिथेही "जुन्या आकड्यापेक्षा या पदाच्या बजेटवर बोलूया" म्हणता येतं. काही एचआर चिडतात. चिडू द्या.

कंपन्याही धुतल्या तांदळासारख्या नसतात. चार राउंड झाल्यावर बजेट उघड करायचं, मग उमेदवारानं पत्ते झाकले की नवल कसलं? पण त्या बाई एवढ्या बारकाईनं का तपासत होत्या, हे नंतर मुलाखती घेणाऱ्यांच्या बाजूला बसल्यावर कळलं. आमची ऑफर घेऊन, ती दुसरीकडे दाखवून, जॉइनिंगच्या सकाळी फोन बंद करणारे मी त्या एका वर्षात तीन पाहिले.

आता मी पहिल्याच फोनवर रेंज विचारते. नाही सांगितली तर माझा आकडा सांगते, त्यात फिक्स्ड किती हवं तेही, आणि फोन ठेवल्यावर हेच दोन ओळींत मेल करते. राजीनाम्याचा मसुदा तयार असतो, पण सही झालेलं पत्र येईपर्यंत ड्राफ्टमध्येच पडून राहतो. गेल्या वेळी तो तिथे सतरा दिवस होता.