वारेच्या रक्तचाचण्या : आकडे वाचताना या चुका टाळा

डबल मार्करचा (बाळात गुणसूत्रांचा दोष असण्याची शक्यता सांगणाऱ्या, गर्भारपणाच्या सुरुवातीच्या रक्तचाचणीचा) रिपोर्ट हातात पडतो. पॅप-ए (वारेतून म्हणजे प्लॅसेंटातून येणारं एक प्रथिन) २१००. इंटरनेटवरच्या तक्त्यात मात्र नॉर्मल आकडे दोन-तीनच्या घरात, आणि धाबं दणाणतं. खरं तर २१०० एमआययू प्रति लिटर म्हणजेच २.१ आययू (इंटरनॅशनल युनिट) प्रति लिटर; एमआययू हा आययूचा हजारावा भाग. आकड्याआधी एकक वाचा, आणि त्यातही शेवटी ‘मिलि’ (मिलिलिटर) आहे की ‘लिटर’, ते नीट बघा. एमआययू/मिलि आणि आययू/लिटर यांचा आकडा एकच येतो. एमआययू/लिटर हे एकक मात्र हजारपट लहान, म्हणून त्यातला आकडा हजारपट मोठा. पीएलजीएफचं (वारेतून येणारं आणखी एक प्रथिन) सोपं आहे, पिकोग्रॅम/मिलि आणि नॅनोग्रॅम/लिटर सारखेच.

नॅनोग्रॅमचं आययू करायला जाऊ नका. तो हिशेब कोणतं किट वापरलंय त्यावर ठरतो, तो लॅबलाच विचारावा. डबल मार्करमध्येच एचसीजी हे वारेतून येणारं संप्रेरकही मोजतात; त्यात फ्री बीटा एचसीजी आणि एकूण बीटा एचसीजी या तर दोन वेगळ्या मोजण्या. एकीचा तक्ता दुसरीला लावायचा नाही.

मुख्य घोळ होतो तो एमओएमपाशी. तुमचा आकडा भागिले तेवढ्याच दिवसांच्या गर्भारपणातला मध्यक (सगळे आकडे क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा), म्हणजे एमओएम (मल्टिपल ऑफ मीडियन). पॅप-ए २.१ आणि मध्यक ३.० असेल तर ०.७. याला एकक नसतं, त्यामुळे रूपांतराचा प्रश्नच येत नाही. (तरीही याला हजारानं गुणणारे भेटतात!) ११ ते १४ आठवड्यांत पॅप-ए भराभर वाढतं आणि फ्री बीटा उतरत जातं. त्यामुळे पाळीच्या तारखेवरून दिवस चुकले की दोन्ही एमओएम उलट्या दिशांना सरकतात. दिवस सोनोग्राफीतल्या सीआरएलवरूनच (बाळाच्या डोक्यापासून बुडापर्यंतच्या लांबीवरूनच) धरलेत ना, ते तपासा. वजन, धूम्रपान, जुळं, आयव्हीएफ यांच्या नोंदीही बघा. वजनाचा रकाना रिकामा असेल तर त्या एमओएमवर मी तरी विसंबणार नाही. आणि पॅप-ए कमी आलं म्हणजे बाळात दोष आहेच असं नाही. वार नीट काम करत नसेल तरी ते घटतं.

पुढच्या महिन्यांत प्रीएक्लॅम्प्सियाच्या (गर्भारपणात बीपी वाढून होणाऱ्या गंभीर आजाराच्या) शंकेनं एसएफएलटी-१ (हेही वारेतून येणारं प्रथिन) आणि पीएलजीएफचा रेशो काढतात. इथे दोन्ही आकडे एकाच एककात हवेत. एसएफएलटी-१ ३.८ नॅनोग्रॅम/मिलि आणि पीएलजीएफ १०० पिकोग्रॅम/मिलि असेल, तर ३.८ भागिले १०० करायचं नाही. आधी ३८०० पिकोग्रॅम करा, मग रेशो ३८ येतो. २०१६ च्या एका मोठ्या अभ्यासात ३८ किंवा त्याहून कमी रेशो आलेल्यांपैकी फार थोड्यांना पुढच्या आठवडाभरात प्रीएक्लॅम्प्सिया झाला. पण ती रेषा त्या अभ्यासातल्या किटची, शिवाय भरवसा आठवड्याचाच. महिन्याभरापूर्वीचा रेशो दाखवून निर्धास्त राहू नये.

रेशो चांगला असला, तरी बीपी १४०/९० किंवा त्याहून जास्त झालं, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे चमकलं किंवा उजव्या बरगडीखाली दुखलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.