जुन्या स्पोर्ट्स कारचा एसी दहा मिनिटांत कोमट: दोष हीटर व्हॉल्व्हचा निघाला

गाडी १९९२ ची, दोन सीटची, अमेरिकेतल्या फिनिक्सच्या उन्हात रोज चालणारी. सुरुवातीला एसी झकास थंड, पण इंजिन तापलं की दहा मिनिटांत झोत कोमट. हायवेवर समोरून भरपूर वारा मिळूनही तेच, म्हणून कंडेन्सरच्या (एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीच्या) पंख्यावरचा संशय सोडला.

गॅस दोनदा भरून घेतला, ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा डबा) बदलला. एसीच्या गॅसचं प्रेशर जास्त-कमी दोन्ही बाजूंचं बरोबर. दोन उन्हाळे घामाघूम होऊन काढले, जीव मेटाकुटीला आला.

शेवटी तापमानाचा नॉब पूर्ण थंडवर ठेवून इंजिन तापवलं, बंद केलं आणि फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडे) जाणारे हीटरचे होज चाचपले. दोन्ही चटका देणारे! म्हणजे हीटरकडे जाणारं इंजिनचं गरम पाणी (कूलंट) अडवणारा व्हॉल्व्ह बंदच होत नव्हता. गरम कूलंट हीटर कोअरमधून (डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून) फिरत होतं आणि गार झालेली हवा पुन्हा तापत होती. खात्रीसाठी आत जाणाऱ्या होजला पिंच क्लॅम्प (होज दाबून बंद करणारा चिमटा) लावला. झोतातला थर्मामीटर १७ वरून ७ अंशांवर आला.

इंजिन पूर्ण गार झाल्यावर थोडं कूलंट काढलं, दोन्हीकडे क्लॅम्प लावून जुना व्हॉल्व्ह सोडवला (तोंडाशी पांढरट क्षार साचलेले), नवा बाणाच्या दिशेने बसवला. नॉबपासून व्हॉल्व्हपर्यंत येणाऱ्या केबलची क्लिप घट्ट करताना नॉब थंडवर आणि व्हॉल्व्हचा दांडा पूर्ण बंद, हे दोन्ही एकाच वेळी जुळलं पाहिजे. माझी केबल ५ मिमी ढिली होती. तशीच ठेवली असती तर नवा व्हॉल्व्हही अर्धवट उघडा राहिला असता. मग कूलंट भरून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून हवा काढली आणि नॉब थंडवर आणला.

आता बाहेर ४० अंश असतानाही झोत ८ वर टिकतो.