घरच्या पीसीबीवर ट्रॅक सुटतात, कडा फिसकटतात? या चुका टाळा

घरी पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटचा बोर्ड, बनवताना तांब्यावर ड्राय फिल्म (उजेडाने घट्ट होणारी फिल्म) चिकटवतात, वर सर्किटची प्रिंट ठेवून यूव्ही उजेड देतात आणि घट्ट न झालेली फिल्म डेव्हलपरमध्ये, म्हणजे सोड्याच्या पाण्यात, विरघळवतात. तिथे ट्रॅक (सर्किटच्या रेषा) सुटले की बरेच जण एक्स्पोजरची, म्हणजे उजेड देण्याची, वेळ वाढवत बसतात. माझं म्हणणं, आधी तांब्याकडे बघा. चकचकीत तांबं स्वच्छ असतंच असं नाही. स्कॉचब्राइटने (भांडी घासायच्या घासणीने) ओलं घासा, धुवा आणि बोर्ड तिरका धरा. पाण्याचा थर अखंड राहिला तर ठीक. कुठे फाटून थेंब झाले तर तिथे तेलकटपणा आहे आणि फिल्म नेमकी तिथूनच उचलणार. मग बोर्ड पूर्ण वाळवा, बोटं फक्त कडेला.

फिल्मच्या दोन्ही बाजूंना पारदर्शक प्लास्टिक असतं. रोलच्या आतल्या बाजूचं लावण्याआधी काढायचं, वरचं थेट डेव्हलप करताना. ते काढायला विसरून सोड्याला शिव्या घालणारे कमी नाहीत! चिकटवायला 110 अंशांच्या आसपास चालणारा लॅमिनेटर उत्तम. इस्त्रीचा दाब सारखा पडत नाही, बुडबुडे राहतात.

कडा फिसकटतात त्या बहुधा प्रिंटमुळे. ट्रान्सपरन्सीची (सर्किट छापलेल्या पारदर्शक शीटची) टोनरची बाजू फिल्मला टेकली पाहिजे, म्हणून प्रिंट आरशातली काढायची. उलटी ठेवलीत तर मध्ये ट्रान्सपरन्सीची जाडी येते आणि उजेड कडेखाली शिरतो. वर काच दाबून ठेवा. प्रिंट उजेडासमोर धरून काळ्या भागात टाचणीएवढी भोकं दिसली, तर दोन प्रिंट तंतोतंत एकावर एक जुळवा.

वेळ मात्र दुसऱ्याची उसनी घेऊ नका. प्रत्येकाचा यूव्ही दिवा वेगळा. एका पट्टीवर पुठ्ठा दर 30 सेकंदांनी सरकवत चाचणी घ्या. ही फिल्म उजेड पडला तिथे घट्ट होते: वेळ कमी पडला तर ट्रॅक विरघळतात, जास्त झाला तर बारीक फटी उघडत नाहीत.

डेव्हलपरला धुण्याचा सोडा, खाण्याचा नव्हे. लिटरभर पाण्यात 10 ग्रॅम, पण कोरडी पावडर असेल तर. स्फटिकांत निम्म्याहून जास्त वजन पाण्याचंच असतं, त्यांचे साधारण 27 ग्रॅम लागतात.

आणि बोर्ड स्वच्छ दिसला तरी एकदम एचिंगला, म्हणजे उघडं तांबं विरघळवायला, टाकू नका. एचिंगच्याच द्रावणात, फेरिक क्लोराइडमध्ये, काही सेकंद बुडवून धुवा. उघडं तांबं लगेच मंद गुलाबी होतं; जिथे अजून चमकतंय तिथे फिल्मचा न दिसणारा थर उरलाय. बोर्ड परत सोड्यात घाला आणि मऊ ब्रश फिरवा.