मोठी संख्या तपासताना या चुका टाळा

जळगावात शिकवण्या घेतो. दर बॅचमध्ये त्याच चुका बघून जीव कासावीस होतो, म्हणून आज लिहितो.

पहिली चूक घाईची. दोन-चार लहान संख्यांनी भाग गेला नाही की मुलं "मूळ संख्या" म्हणून मोकळी होतात. एकदा मुलांना चाळीसगावजवळच्या पाटणला नेलं होतं. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, तिथे मठ काढला होता. परतीच्या एसटीत मी ३००३१ ही संख्या दिली. अमळनेरकडचा एक पोरगा दोन मिनिटांत ओरडला, "सर, हाई मूळ संख्या शे!" त्याने २, ३, ५, ७, ११, १३ ने भागून पाहिलं होतं आणि दरवेळी बाकी १ उरली होती. उरणारच. या सहा संख्यांचा गुणाकार ३००३० आहे, त्यात १ मिळवलाय. "असा १ मिळवला की मूळ संख्याच मिळते, युक्लिडने सांगितलंय," असंही वर म्हणाला. युक्लिड या प्राचीन ग्रीक गणितज्ञाने तसं सांगितलेलं नाही. त्याचं म्हणणं एवढंच, की अशा संख्येचा मूळ विभाजक त्या यादीबाहेरचा असतो. पोरगा भडगावपर्यंत रुसून बसला, मग पुन्हा वही उघडली. १७, १९, २३ करत पाचोऱ्याच्या अलीकडे ५९ ला पोचला: ५९ × ५०९ = ३००३१.

मी कोणतीही संख्या घेतली की आधी पानाच्या डोक्यावर वर्गमूळ लिहितो. इथे साधारण १७३. संख्या मूळ नसेल तर तिचा एक तरी मूळ विभाजक वर्गमुळाच्या आत सापडतोच. तिथपर्यंतच्या चाळीस मूळ संख्या संपेपर्यंत पेन खाली ठेवत नाही, आणि प्रत्येकीसमोर बाकी लिहितो. शॉर्टकट विचारणाऱ्याला मी आधी हेच करायला लावतो.

दुसरी चूक आपल्या स्वल्पविरामाची. ७, ११ आणि १३ ची एक झकास कसोटी आहे. १००१ = ७ × ११ × १३, म्हणून उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे आणि आळीपाळीने वजा-अधिक करायचे; उत्तराला ज्याने भाग जातो त्याने मूळच्या संख्येलाही जातो. मुलं मात्र लाखाचा स्वल्पविराम जिथे असतो तिथेच तोडतात. ७,२०,७२० चं ७२० − २० + ७ = ७०७ करतात आणि ११ ने भाग जात नाही म्हणतात. खरे गट ७२० आणि ७२०, वजाबाकी शून्य, म्हणजे तिन्हींनी भाग जातो. मी स्वल्पविराम पुसूनच संख्या उतरवतो.

एक्सेलवर विसंबू नका. ते पंधराच अंक नेमके धरतं. २ चा ६४ वा घात त्यात शेवटी शून्यं दाखवतो, खरा शेवट १६१६ आहे. दोनाच्या घाताच्या शेवटी शून्य येईलच कसं?

४ ने आणि ६ ने भाग गेला म्हणजे २४ ने जातोच असं नाही. १२ घेऊन बघा.

एकूण विभाजक किती हे मोजताना प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार करायचा असतो, मुलांचा तो १ मिळवायचा राहतो. ७२०७२० = २⁴ × ३² × ५ × ७ × ११ × १३, म्हणून ५ × ३ × २ × २ × २ × २ = २४० विभाजक.